पट्टा पडायच्या आधी: अब्बांसोबत क्राबीच्या चुनखडीच्या बेटांवर

आधीच सांगून टाकते, मला समुद्राचं काही वेड नाही. कोल्हारला राहते, प्रवरेचा काठ आहे, पाण्याची हौस तिथेच भागते. तरी जानेवारीत शाळेत रजेचा अर्ज टाकून, पासष्टी ओलांडलेल्या बापाला सोबत घेऊन मी थायलंडला गेले, ते एका चित्रासाठी. हे चित्र आमच्या अम्मीने कॅलेंडरवरून कापून स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांच्या वर चिकटवलं होतं. हिरव्या पाण्यातून सरळसोट उभे राहिलेले डोंगर, त्यांच्या डोक्यावर झाडी, आणि मधून चाललेली एक लांबुळकी नाव. खाली बारीक अक्षरात छापलेलं, क्राबी. वीस वर्षं फोडणीचा धूर खाऊन तो समुद्र पिवळा पडला, पण अम्मीने चित्र काढलं नाही.

कॅलेंडर घरात आलं ते अब्बांमुळे. अब्बा कोपरगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात चुन्यावर होते, त्यांचं घर अजून तिकडेच आहे. उसाचा रस साफ करायला त्यात चुन्याचं दूध घालतात. भट्टीत भाजलेला कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा, दाट झाला की पातळ ते ठरवायचं, हे अब्बांचं काम. सगळा कारखाना त्यांना चुनामास्तर म्हणतो. चुना पुरवणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने ते कॅलेंडर वाटलेलं. अब्बांनी अम्मीला चित्र दाखवून म्हटलं होतं, "हे डोंगर दिसत्यात ना, समदे चुनखडीचे हायत. आपलंच सामान." अम्मी म्हणाली, "मग दाखवा की एकदा." त्यावर अब्बांनी आमच्या भागात कुठल्याही मागणीला मिळतं तेच उत्तर दिलं: "पट्टा पडला की जाऊ."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. हंगामातला शेवटचा ऊस गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या तोंडात, गेला आणि गाळप थांबलं, की कारखान्याचा पट्टा पडला म्हणतात. नोव्हेंबरच्या आसपास धुराडं पेटतं आणि उन्हाळ्यात कधीतरी पट्टा पडतो. तोवर दाढ दुखली तरी उपटायची नाही, पाहुण्याकडे जायचं नाही, घराला रंग द्यायचा नाही. सगळं पट्टा पडल्यावर. आणि पट्टा पडला की खरिपाची, शाळेच्या फीची, कुणाच्या लग्नाची घाई असतेच. असं करत अब्बांचे एकतीस हंगाम गेले. रिटायर झाले तेव्हा मी तिघांचे पासपोर्ट काढून आणले. तर कारखान्याने अब्बांना पुन्हा बोलावलं, नव्या पोरांना चुन्याचा अंदाज येत नव्हता म्हणून. अब्बा गेले. अम्मीचा कोरा पासपोर्ट कपाटात पडून राहिला आणि दीड वर्षापूर्वी, भर पावसाळ्यात, अम्मी गेली.

खोटं कशाला बोलू, मला अब्बांचा राग होता. त्यांनी मयतीत डोळ्यातून टिपूस काढलं नाही. नंतर अम्मीचा विषयसुद्धा काढला नाही. तिला नावाने हाक ते कधीच मारत नसत, त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती. "शबानाची अम्मी" म्हणायचे. ती गेल्यावर तेही बंद. तिचा पानाचा डबा मात्र फळीवर तसाच ठेवला होता, आणि मी आवरायला हात लावला की ओरडायचे. बाकी सकाळी डबा घेऊन चुन्यावर, संध्याकाळी घरी, टीव्ही, झोप. मला वाटायचं, या माणसाला काही वाटतं की नाही? एकदा तरी त्यांनी तिच्याबद्दल बोलावं, म्हणून मी हा घाट घातला.

"जानेवारीत जायचंय," मी म्हटलं.

अब्बा चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऐन गाळपात? यडी का काय तू?"

"तिकिटं काढून झालीत. आता पैसे परत मिळत नाहीत."

ही थाप होती. पण पैसे वाया जाणार म्हटल्यावर आमचा माणूस नांगी टाकतो. दुसऱ्या दिवशी अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा चालू हंगामात रजा टाकली. कारण लिहिलं, "मुलीचे काम." मग कोल्हारला परत येऊन मी खरंच तिकिटं काढली.

आता कामाचं. कोपरगावहून मुंबईपर्यंत आम्ही गाडीने गेलो. कोल्हार ते कोपरगाव या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांच्या कमरेला माहीत आहे त्यांना माहीत आहे. मुंबईहून थेट विमान फुकेतचं स्वस्त पडलं. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, फक्त निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. नियम बदलत असतात, तेव्हा स्वतः तपासा, माझ्या भरवशावर राहू नका.

मुंबई विमानतळावर पहिली फजिती झाली. अब्बांनी खिशातून पासपोर्ट काढून काउंटरवरच्या साहेबांना दिला. साहेबांनी तो उघडला, अब्बांकडे बघितलं, पुन्हा पासपोर्टकडे बघितलं.

"काका, ह्या कोण?"

"आमच्या घरची," अब्बा म्हणाले.

"कुठे आहेत त्या?"

मी पुढे झाले, अब्बांच्या दुसऱ्या खिशातून त्यांचा पासपोर्ट काढून दिला, आणि साहेबांना हळूच सांगितलं. त्यांनी अम्मीचा पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी परत दिला. मी मात्र भडकले. "तो कशाला आणलात अब्बा? हरवला असता म्हणजे?" अब्बा म्हणाले, "घाईत आला आसंल." घाईत! कपाटाच्या आतल्या कप्प्यातून, कुलूप काढून, घाईत. विमानात मी तोंड फुगवून बसले आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

फुकेत विमानतळावरून आओ नांग या किनाऱ्यावरच्या गावाला मिनीव्हॅन मिळते, तीनेक तास लागतात. शेवटच्या तासात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते डोंगर सुरू झाले. भातशेतीतून, पेट्रोल पंपामागून, शाळेच्या मैदानातून अचानक उभे. अब्बा सीटवर पुढे सरकून बसले. "पार गावात घुसल्यात की," एवढंच म्हणाले. आओ नांगला मशीद आहे, हलाल खानावळी भरपूर आहेत, शाकाहारी लोकांना मात्र जरा विचारत हिंडावं लागेल. रात्री आम्ही पिवळा भात आणि त्यावर कोंबडी खाल्ली, बिर्याणीची चुलत बहीण म्हणा. शंभर बाटच्या आत ताट. आम्ही गेलो तेव्हा एका बाटला साधारण पावणेतीन रुपये पडत होते. ताटात हिरव्या लिंबाच्या दोन फोडी होत्या. अब्बांनी एकच पिळली, दुसरी कागदात गुंडाळून खिशात टाकली. मी काही विचारलं नाही, कारण मी अजून रागात होते.

बेटांच्या सहली दोन तऱ्हेच्या मिळतात. मोठी स्पीडबोट, तीस-चाळीस माणसं, गळ्यात शिट्टी अडकवलेला गाईड, स्वस्त आणि धावपळीची. किंवा किनाऱ्यावरच्या खिडकीवरून अख्खी लाकडी नाव ठरवायची. इथले लोक तिला शेपटीवाली नाव म्हणतात. वयस्कर माणूस सोबत असेल तर दुसरीच घ्या, महाग पडली तरी. आम्हाला हाँग बेटावर जायचं होतं, आणि तिथल्या खाजणात, म्हणजे कड्यांनी वेढलेल्या उथळ पाण्यात, भरती असेल तरच नाव आत जाते, म्हणून निघायची वेळ नावाडीच सांगतो. पाण्यात घालायच्या चपला, टोपी आणि कोरडी पिशवी न्या. बेटावर परदेशी माणसाला वेगळा प्रवेश पडतो, आमच्या वेळी तीनशे बाट होता.

आमचा नावाडी हसन, पन्नाशीचा, काटक, डोक्याला रंगीत फडकं. अब्बांची पांढरी टोपी बघून त्याने सलाम केला. अब्बांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, पैसे वसूल. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं. हसन मोडकं इंग्रजी बोलायचा, ते मी अब्बांना सांगायचे, अब्बांचं मी त्याला. आमच्या घरात दखनी आणि मराठीची मिसळ चालते, पण एकतीस वर्षांत अब्बांच्या जिभेवर कारखान्याचं मराठी पक्कं बसलंय. नावेचं इंजिन सुरू झालं तसे अब्बा उठून मागे गेले, वाकून बघितलं, आणि ओरडले, "शबाना, ह्ये तर गाडीचं इंजन! ह्याला लांब दांडा लावून पंखा पान्यात सोडलाय. लई डोकं हाय!" हसनने अंगठा वर केला.

मग तासभर नुसतं पाणी आणि डोंगर. चित्रात दिसतात त्याहून उंच. पांढरे, राखाडी, मध्येच गंजल्यासारखे तांबडे, आणि खालून समुद्राने चाटून आत खाल्लेले. वरून दगडाचे सुळे लोंबतात. एक डोंगर गेला की मागून दुसरा, तो गेला की तिसरा. मी नावेच्या टोकाला बसले होते आणि मला अम्मीची फार आठवण आली. फोटो काढायलाही हात वर होईना. तिला उन्हाचा त्रास व्हायचा. पदर डोक्यावर ओढून ती म्हणाली असती, "चित्रात ऊन दिसत न्हवतं बाई." मी वळून अब्बांकडे बघितलं. ते डोंगर बघत होते की नाही, कळत नव्हतं.

एका डोंगराच्या अगदी जवळून नाव चालली तेव्हा अब्बा म्हणाले, "त्याला म्हन, जरा कडंला घे."

हसनने इंजिन बंद करून नाव कड्याला टेकवली. अब्बांनी खिशातून ती कागदातली लिंबाची फोड काढली, हात लांब करून दगडावर दोन थेंब पिळले आणि कान पुढे केला. दगडावर बारीक फेस आला. चुन्यावर नवीन माल आला की लॅबवाले ॲसिड टाकून बघायचे आणि अब्बा डब्यातलं लिंबू. भाजलेल्या चुन्यात एखादा खडा कच्चा, म्हणजे दगडच राहिला असेल, तर तो लिंबाने फसफसतो. "बोलतंय," अब्बा म्हणाले. "अस्सल हाय." हसनने डोळे मोठे केले. मग तो इतका हसला की नाव हलली. त्याने मला सांगितलं, "इथे जन्मलो, पण डोंगरावर लिंबू पिळणारा पहिलाच माणूस पाहिला."

अब्बाही हसले. मग हसता हसता थांबले आणि मला म्हणाले, "त्याला इचार, यांचा पट्टा कधी पडतो?"

आता हे इंग्रजीत कसं विचारायचं? मी विचारलं, तुमच्या नावा कधी बंद होतात? हसन म्हणाला, मे महिन्यात. मेपासून ऑक्टोबरपर्यंत इकडचा समुद्र खवळतो, पाऊस, वारा, पाणी गढूळ. नावा चालल्या तर चालल्या, नाहीतर ओढून किनाऱ्यावर. चांगले दिवस म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी सगळ्यात उत्तम. मी हे सगळं अब्बांना सांगितलं, आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं. आमचं धुराडं पेटतं तेव्हा यांच्या नावा सुटतात. आमचा पट्टा पडतो तेव्हा यांचा समुद्र बंद. वीस वर्षं जो वायदा केला तो पुरा होण्यातला नव्हताच.

मला वाटलं, अब्बांना जरा बरं वाटेल. मी म्हटलंही, "बघा, तुम्ही आणायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं."

अब्बांनी ती फोड कागदात गुंडाळून पुन्हा खिशात ठेवली.

हाँग बेटाच्या पाठीमागे कड्यात एक फट आहे. लांबून बघितलं तर नाव जाईल असं वाटत नाही. हसनने इंजिन वर उचललं आणि बांबू रेटत नाव आत घातली. आत गेलो आणि आवाज बंद झाला. चारी बाजूंनी उंच कडे, मध्ये गुडघा-कमरेइतकं हिरवं पाणी, तळाची वाळू दिसावी इतकं नितळ. वर आभाळाचा एक तुकडा. हसन म्हणाला, हाँग म्हणजे आमच्या भाषेत खोली. मी अब्बांना सांगितलं.

"खोली," अब्बा म्हणाले. "आमची कारखान्याच्या कॉलनीतली खोली एक आन सैपाकघर. त्यातच तिनं समदं काडलं."

तिनं. दीड वर्षात पहिल्यांदा.

"ती मला म्हनली हुती," अब्बा पाण्याकडे बघत बोलत होते. "कॉलनीतली एक सून लग्नानंतर हिकडं येऊन गेल्ती. तिनं सांगितलं हिला, जानेवारीतच जावं लागतं. मग ही मला म्हनली, एकदा जानेवारीत रजा टाका ना. आठच दिवस."

"मग?"

"मग काय? मी हसलो. ऐन गाळपात समुद्र? दुसऱ्या दिवशी चुन्यावर समद्यांना सांगितलं. चुनामास्तरच्या घरच्यांना जानेवारीत समुद्र पायजे म्हनून. लई हसले लोक. पुढं एका लग्नात कुनीतरी तिच्या तोंडावर म्हनलं, काय भाभी, कवा निगालाय समुद्रावर? तीबी हसली, समद्यांच्यात. पर परत कदी इचारलं न्हाई. त्या दिवसापासून एकदाबी न्हाई."

मी भडकले. तिथेच, त्या शांत पाण्यात. "तिला हसलात तुम्ही? आणि लोकांत सांगितलंत?" माझा आवाज कड्यांवरून परत आला. हसन पाठ करून बांबू पुसायला लागला.

"व्हय," अब्बा म्हणाले. "हसलो."

आणि मग ते रडले. मयतीत रडले नाहीत ते सगळं तिथे रडले, टोपी काढून, तोंड टोपीत घालून. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी सरकले आणि मीही रडून घेतलं. इतके दिवस मला वाटत होतं की या माणसाला काही वाटत नाही, आणि हा माणूस दीड वर्षं एवढं एकटाच घेऊन चुन्यावर जात होता. जरा वेळाने अब्बांनी शर्टाच्या खिशातून अम्मीचा पासपोर्ट काढला, उघडला, आणि फोटो कड्यांकडे धरला. मग जपून, पाणी लागू न देता, परत ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. बेटाच्या पुढच्या अंगाला पांढरी वाळू आहे, डोंगरावर चढायला लोखंडी जिना आहे, शेकडो पायऱ्या. मी वर गेले नाही. आम्ही झाडाखाली बसून घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. हसनने चटणीचं बोट चाटलं आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली. आणखी दोन बेटं झाली, पोहणाऱ्यांनी पोहून घेतलं. दुपारी चारला परत. बेटावरून निघताना अब्बांनी एक खडा उचलला होता, हसनने खूण केली, न्यायचा नाही, सरकारी जागा आहे. अब्बांनी लगेच खाली ठेवला. तुम्हीही नेऊ नका. उतरल्यावर हसनने अब्बांना मिठी मारली आणि मला विचारलं, अम्मी घरी आहे का? मी मान हलवली. त्याला काय समजायचं ते समजलं असावं.

चौथ्या दिवशी आम्ही कोपरगावात. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, मळीचा वास, कारखान्याचा भोंगा. हंगाम तसाच चालू. रजेचे दोन दिवस शिल्लक होते. मला वाटलं होतं अब्बा लगेच कामावर जातील. ते गेले नाहीत.

मनात काय उरलं म्हणाल तर ते हिरवं पाणी. भांडी घासताना येतं, फळ्यावर लिहिताना येतं. आणि दर वेळी त्या नावेत एक जागा रिकामी दिसते. फिरून आल्यावर ओढ कमी होते असं लोक म्हणतात. माझी वाढली. कुणाला जायचं असेल तर जरूर जा, आणि जिने मागितलं असेल तिला घेऊन जा, एवढंच सांगेन.

निघायच्या दिवशी सकाळी मी कोल्हारला जायची पिशवी भरत होते. अब्बांनी फळीवरून अम्मीचा पानाचा डबा काढला. दीड वर्षात पहिल्यांदा उघडला. अम्मीला पानात बाजारचा चुना चालत नसे. दर हंगामात अब्बा कळीचा एक चांगला खडा बघून आणायचे, मातीच्या बोळक्यात विझवायचे, फडक्यातून गाळून तिला द्यायचे. वर्षभर पुरायचा. मधूनमधून त्यावर पाणी घालत राहायला लागतं. तिच्यामागे कुणी घातलं नव्हतं. डब्यातल्या चुनाळ्यात, त्या छोट्या डबीत, चुना वाळून पांढरा ठणठणीत झाला होता, आणि त्यावर तिच्या बोटाची खाच तशीच होती.

"वाळला की ह्याचा परत दगड हुतो," अब्बा म्हणाले. "भाजला, इझवला, तरी शेवटी दगडच. तोच. तिथला आन हा एकच."

त्यांनी माझ्याकडे लिंबू मागितलं. मी फोड कापून दिली. त्यांनी चुनाळं तळहातावर धरून, खाच चुकवून, कडेला दोन थेंब पिळले. फेस आला. अब्बांनी ते कानाजवळ नेलं आणि डोळे मिटले.

"जमीला," ते म्हणाले. माझ्या अख्ख्या आयुष्यात त्यांच्या तोंडून मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. "जमीला, बघून आलो गं."

फेस बसला, तशी त्यांनी लिंबाची अजून एक फोड मागितली. मी पिशवी खाली ठेवली आणि आत गेले.